समीकरण, तक्ता आणि आलेख: एका रूपातून दुसऱ्या रूपात जायची रीत

आठवी-नववीतल्या मुलांना समीकरण दिलं की ती तक्ता करतात, तक्त्यावरून कागदावर बिंदू मांडतात, पट्टी ठेवून रेघ ओढतात आणि वही मिटतात. त्याचे गुणही मिळतात. पण त्याच मुलांपुढे नुसती रेघ ठेवून ‘हिचं समीकरण सांगा’ म्हटलं की बहुतेक जण अडतात, कारण त्यांना एकाच दिशेने चालायची सवय झालेली असते. समीकरण, तक्ता आणि आलेख ही एकाच नात्याची तीन रूपं आहेत. कुठल्याही रूपातून कुठल्याही रूपात जाता आलं तरच ते नातं कळलं असं म्हणता येईल. म्हणून या लेखात जायच्या वाटेइतकंच परतीच्या वाटेला महत्त्व दिलं आहे.

गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. बीजगणित सुरू होतं ते त्यानंतर. घरी आई-बाबा किंवा ताई-दादा समजावणार ते मात्र मराठीतून. त्यामुळे हे लिखाण मुलांइतकंच त्यांच्यासाठीही आहे. पुस्तकातल्या एक्स आणि वायच्या जागी इथे क्ष आणि य आहेत. सोबत सेंटिमीटरचा आलेख-कागद, टोकदार पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसा. नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

आधी ठरवा, कोण कोणावर अवलंबून

मांडवीत दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. पणजीच्या धक्क्यावर सकाळी दहा वाजता पाण्याची पातळी किती, या प्रश्नाला एकच उत्तर असतं. एकाच क्षणी पाणी दोन पातळ्यांवर असू शकत नाही. म्हणजे वेळ सांगितली की पातळी ठरते. उलट कोणी पातळी सांगून ‘किती वाजले?’ विचारलं तर उत्तर देता येणार नाही, कारण तीच पातळी भरतीला पाणी चढताना येते, ओहोटीला उतरतानाही येते आणि दिवसात असं अनेकदा होतं.

गणितात म्हणतात, पातळी हे वेळेचं फल आहे, पण वेळ हे पातळीचं फल नाही. क्षची एक किंमत घेतली की यची एकच किंमत मिळायला हवी, एवढीच फलाची अट. यच्या एका किमतीला क्षच्या चार किमती मिळाल्या तरी चालतं. आलेखावर ही अट तपासायची तर पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. पट्टी आलेखाला कुठेही दोन ठिकाणी छेदत नसेल तर ते फल आहे. वर्तुळ या तपासणीत नापास होतं.

भरतीच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट कळते. भरतीचा तक्ता असतो, आलेख काढता येतो, पण शाळेतल्या सोप्या समीकरणात ती बसत नाही. प्रत्येक तक्त्यामागे सोपं समीकरण असेलच असं नाही. इथून पुढची उदाहरणं मात्र अशी घेतली आहेत की तिन्ही रूपं हाताशी येतील.

कामाला लागताना वहीत दोन पूर्ण वाक्यं लिहा. समजा बसस्थानकावरून पायलटच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्याच्या, मोटरसायकलवर बसून घरी जायचं आहे. ‘क्ष म्हणजे कापलेलं अंतर, किलोमीटरमध्ये. य म्हणजे द्यायचं भाडं, रुपयांत.’ ‘क्ष म्हणजे पायलट’ असं लिहू नका. अक्षर हे वस्तूचं नाव नसतं, मोजलेल्या संख्येचं असतं. ‘न म्हणजे नारळ’ असं धरलेलं मूल पुढे ‘२५न’ म्हणजे पंचवीस नारळ असं वाचतं. खरं तर तिथे न म्हणजे नारळांची संख्या, २५ म्हणजे एका नारळाचे रुपये आणि २५न म्हणजे एकूण पैसे. बीजगणितातला निम्मा गोंधळ या एका वाक्यात मिटतो, म्हणून ते लिहायचा कंटाळा करू नका.

तिसरं वाक्य क्षच्या किमतींबद्दल लिहा. अंतर अडीच किलोमीटर असू शकतं, ऋण असू शकत नाही. नारळ अडीच असू शकत नाहीत. या वाक्याची गरज आलेखाच्या वेळी पडेल.

समीकरण: स्थिर भाग आणि दर

भाडं असं धरू: बसल्याबरोबर २० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १० रुपये. आकडे हिशेबाला सोपे म्हणून घेतले आहेत, खरं भाडं वेगळं असेल. गाडी हलली नाही तरी द्यावे लागतात ते २०, हा स्थिर भाग. प्रत्येक किलोमीटरला वाढतात ते १०, हा दर.

य = १०क्ष + २०

समीकरण लिहिलं की लगेच एक किंमत तोंडी घालून पाहा. तीन किलोमीटरला १० × ३ + २० = ५०. गोष्टीतून हिशेब केला तरी २० आणि ३० मिळून ५०. दोन्हीकडून तेच आलं की पुढे जा.

इथे मुलं एक घाई करतात. पाच किलोमीटरला ७० रुपये, म्हणून दहाला १४०, असं म्हणतात. समीकरणात घाला: १० × १० + २० = १२०. अंतर दुप्पट झालं तरी भाडं दुप्पट होत नाही, कारण ते २० रुपये एकदाच द्यायचे असतात. म्हापशाच्या बाजारात २५ रुपयांचा एक नारळ या भावाने नारळ घेतले तर मात्र य = २५क्ष. तिथे स्थिर भाग नाही, म्हणून संख्या दुप्पट तर पैसे दुप्पट. अशा नात्याला समचलन म्हणतात. ओळखायची खूण: प्रत्येक जोडीत य ÷ क्ष काढा. तेच उत्तर येत राहिलं तर समचलन. नारळांत ते नेहमी २५ येईल. भाड्यात पाच किलोमीटरला १४ येतं आणि दहाला १२, म्हणजे समचलन नाही.

तक्ता: किमती निवडणं हेच खरं काम

| क्ष (किमी) | १०क्ष + २० | य (रुपये) |
|---|---|---|
| ० | ० + २० | २० |
| २ | २० + २० | ४० |
| ४ | ४० + २० | ६० |
| ६ | ६० + २० | ८० |
| १० | १०० + २० | १२० |

मधला रकाना गाळू नका. चूक झाली तर ती कुठे झाली हे तिथेच सापडतं, विशेषतः ऋण संख्या असतील तेव्हा.

क्षच्या किमती कोणत्या घ्यायच्या? शून्य चालत असेल तर तो घ्याच, कारण तिथे स्थिर भाग उघडा पडतो. ज्या टप्प्यात नातं खरं आहे त्याची दोन्ही टोकं घ्या. मधल्या किमती शक्यतो सारख्या अंतरावर ठेवा म्हणजे यमधली वाढ नजरेत भरते. समीकरण नुसतं गणितातलं असेल, गोष्ट नसेल, तर एक-दोन ऋण किमतीही घ्या. रेघेसाठी दोन बिंदू पुरतात हे खरं, पण तिसरा घ्यावाच. दोन बिंदूंतून चुकीची रेघही सरळच जाते. तिसरा बिंदू रेघेबाहेर पडला तरच चूक उघडकीला येते.

आलेख: प्रमाण आधी, बिंदू नंतर

कागदावर पहिली रेघ मारण्याआधी तक्त्यातली क्ष आणि यची सर्वांत मोठी किंमत पाहा. वरच्या तक्त्यात क्ष १० पर्यंत जातो आणि य १२० पर्यंत. आडव्या अक्षावर १ सेंमी = १ किमी आणि उभ्या अक्षावर १ सेंमी = १० रुपये घेतलं तर १० सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच आलेख होईल. वहीच्या पानावर तो छान बसतो. कागद भरला पाहिजे. कोपऱ्यात गोळा झालेल्या आलेखावरून काहीच वाचता येत नाही. १ सेंमी = ३ किंवा ७ असली प्रमाणं टाळा, कारण मग मधल्या बारीक रेघा वाचताना प्रत्येक वेळी भागाकार करावा लागतो. १, २, ५, १०, २०, ५० ही प्रमाणं चांगली.

अक्षांवर नाव आणि एकक लिहा: ‘अंतर (किमी)’, ‘भाडं (रुपये)’. वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहा. मग बिंदू. (४, ६०) मांडायचा म्हणजे आरंभबिंदूपासून आधी उजवीकडे ४ किमीपर्यंत जायचं आणि तिथून वर ६० रुपयांपर्यंत. पहिला आकडा नेहमी आडवा, दुसरा उभा. हा क्रम उलटला की रेघ सरळच येते, म्हणून चूक लक्षात येत नाही. बिंदू जाड ठिपक्याने न दाखवता बारीक फुलीने दाखवावा हे बरं.

आता बिंदू जोडायचे की नाही? इथे ते तिसरं वाक्य काढा. अंतर कितीही असू शकतं, अगदी ३.७ किमीसुद्धा, म्हणून भाड्याचे बिंदू जोडून रेघ ओढायची. नारळांच्या आलेखात १, २, ३, ४ या ठिकाणचे सुटे बिंदूच बरोबर, कारण २.५ नारळांच्या जागी सांगायला काही नाही. दिशा दिसावी म्हणून तुटक रेघ काढली तर हरकत नाही. आणि रेघ सुरू कुठे होते, थांबते कुठे, हेही गोष्टीवरूनच ठरतं. भाड्याची रेघ (०, २०) पासून सुरू होईल. पट्टी ठेवून तिला डावीकडे ऋण किलोमीटरमध्ये नेलं तर ते त्या गोष्टीपुरतं चूकच.

मे महिन्यातली पाण्याची टाकी घ्या. हजार लिटरची टाकी भरलेली आहे, नळाला पाणी नाही आणि घरात तासाला १२५ लिटर लागतात असं समजू. य = १००० − १२५क्ष. दर ऋण आहे, म्हणून रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. (०, १०००) पासून निघते आणि (८, ०) ला आडव्या अक्षाला टेकते. तिथेच थांबायचं. समीकरणात क्ष = १० घातलं तर −२५० येतं. समीकरणाला टाकी रिकामी झाल्याचं कळत नाही, ते आपण सांगायचं असतं. आलेखावर हीच गोष्ट दिसते: आडव्या अक्षाला रेघ टेकली ती वेळ म्हणजे टँकर येऊन पोचायला हवा ती वेळ.

परतीची वाट: तक्त्यावरून समीकरण

विहिरीवरचा पंप सुरू करून टाकीतलं पाणी अधूनमधून मोजलं, असं समजा.

| वेळ क्ष (मिनिटं) | पाणी य (लिटर) |
|---|---|
| २ | ११० |
| ५ | १८५ |
| ९ | २८५ |
| १२ | ३६० |

यमधले फरक पाहिले तर ७५, १००, ७५. सारखे नाहीत, म्हणून ‘सरळ रेघ नाही’ असं मुलं लगेच म्हणतात. थांबा. क्षचे फरकही सारखे नाहीत: ३, ४, ३. यचा फरक भागिले क्षचा फरक असं प्रत्येक टप्प्यावर काढा. ७५ ÷ ३ = २५, १०० ÷ ४ = २५, ७५ ÷ ३ = २५. दर तोच आहे, म्हणून नातं सरळ रेषेचं. पंप मिनिटाला २५ लिटर पाणी चढवतो.

आता स्थिर भाग. शून्य मिनिटाची नोंद तक्त्यात नाही, म्हणून मागे चाला. २ मिनिटांना ११० लिटर होते. दोन मिनिटांत ५० लिटर चढले, म्हणजे पंप सुरू करताना टाकीत ६० लिटर होते.

य = २५क्ष + ६०

न वापरलेल्या जोडीने ताळा करा. १२ मिनिटांना २५ × १२ + ६० = ३६०. जमलं. ज्या जोडीवरून स्थिर भाग काढला तिनेच ताळा करणारी मुलं पुष्कळ. तो ताळा नेहमीच जुळतो, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही.

टाकी ५०० लिटरची असेल तर पंप कधी बंद करायचा? ५०० = २५क्ष + ६०, म्हणून क्ष = १७.६, म्हणजे १७ मिनिटं ३६ सेकंद. आलेखावरून साडेसतराच्या आसपास एवढंच कळलं असतं. नेमकं उत्तर हवं असेल तेव्हा समीकरणाकडे जा. एका नजरेत चित्र हवं असेल तेव्हा आलेखाकडे. दुकानात, ऑफिसात पुन्हापुन्हा तेच आकडे लागत असतील तर तक्ता भिंतीवर लावा.

आलेखावरून समीकरण

समोर फक्त रेघ आहे. रेघ उभ्या अक्षाला कुठे छेदते ते वाचा, तो स्थिर भाग. मग रेघेवरचे असे दोन बिंदू शोधा जिथे ती कागदाच्या रेघांच्या छेदावरून नेमकी जाते. दोन्ही बिंदू एकमेकांपासून दूर असू द्या. जवळचे घेतले तर वाचण्यातली छोटी चूकही दरात मोठी होऊन बसते. वर किती गेलो भागिले उजवीकडे किती गेलो, हा चढ, आणि तोच दर.

दोन ठिकाणी हमखास घसरतं. पहिलं म्हणजे चौकोन मोजणं. भाड्याच्या आलेखात उजवीकडे एक चौकोन गेलं की रेघ वरही एकच चौकोन जाते, म्हणून चढ १ असं मुलं लिहितात. पण आडवा चौकोन १ किलोमीटरचा आहे आणि उभा १० रुपयांचा. चढ १० आहे. चौकोन मोजायचेच नाहीत, अक्षांवरचे आकडे वाचायचे. प्रमाण बदललं की रेघ कागदावर जास्त किंवा कमी तिरपी दिसेल, पण चढाचा आकडा बदलणार नाही.

दुसरं घसरायचं ठिकाण म्हणजे शून्यापासून सुरू न होणारा अक्ष. सेल्सिअसचं फॅरेनहाइट करताना य = १.८क्ष + ३२.

| सेल्सिअस | फॅरेनहाइट |
|---|---|
| २० | ६८ |
| २५ | ७७ |
| ३० | ८६ |
| ३५ | ९५ |

गोव्याची हवा बहुतेक वर्षभर या तक्त्यात मावते, म्हणून कोणी आडवा अक्ष २० पासून सुरू केला तर ते शहाणपणाचंच. पण मग उभी रेघ क्ष = २० ची असते, क्ष = ० ची नसते. तिथे वाचलेला ६८ हा स्थिर भाग नव्हे. अक्षाच्या सुरुवातीला नागमोडी खूण दिसली किंवा पहिला आकडा शून्य नसला, तर स्थिर भाग वाचू नका, काढा: चढ (९५ − ६८) ÷ (३५ − २०) = २७ ÷ १५ = १.८, आणि ६८ − १.८ × २० = ३२.

दोन रेघा एका कागदावर

गावच्या जत्रेतल्या नाटकाची हस्तपत्रकं छापायची आहेत. पहिला छापखाना जुळणीचे ६०० रुपये आणि प्रत्येक पत्रकाला १ रुपया घेतो. दुसरा जुळणीचे २०० आणि प्रत्येकी ३ रुपये. कुठे द्यावीत?

| पत्रकं | पहिला: क्ष + ६०० | दुसरा: ३क्ष + २०० |
|---|---|---|
| ० | ६०० | २०० |
| १०० | ७०० | ५०० |
| २०० | ८०० | ८०० |
| ३०० | ९०० | ११०० |
| ४०० | १००० | १४०० |

पत्रकं मोजून येतात, म्हणून काटेकोर बोलायचं तर हे सुटे बिंदू. पण चारशे बिंदू मांडण्यापेक्षा रेघ ओढणं सोयीचं, आणि वाचताना पूर्ण संख्याच वाचायच्या एवढं ध्यानात ठेवायचं. दोन रेघा (२००, ८००) ला छेदतात. त्याच्या डावीकडे दुसऱ्याची रेघ खाली, म्हणजे तो स्वस्त. उजवीकडे पहिला स्वस्त. समीकरणानेही तेच: क्ष + ६०० = ३क्ष + २००, म्हणून २क्ष = ४०० आणि क्ष = २००.

इथे तक्त्यात २०० नेमका सापडला कारण आकडे सोयीचे होते. खऱ्या हिशेबात छेद तक्त्याच्या दोन ओळींच्या मध्ये लपतो. कोणता भाव आधी कमी होता आणि नंतर जास्त झाला हे दोन ओळींत दिसतं, तेवढ्यात छेद आहे असं समजून समीकरण सोडवा.

रेघ जिथे वाकते

परसात हरमलच्या मिरचीचा आयताकृती वाफा करायचा आहे आणि भोवतीच्या जाळीसाठी २० मीटर जाळी आहे. एक बाजू क्ष मीटर घेतली तर शेजारची १० − क्ष, कारण दोन्ही मिळून अर्धी जाळी. क्षेत्रफळ:

य = क्ष(१० − क्ष)

| क्ष | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| य | ० | ९ | १६ | २१ | २४ | २५ | २४ | २१ | १६ | ९ | ० |

यचे फरक ९, ७, ५, ३, १, −१, −३… सारखे नाहीत, म्हणून सरळ रेघ नाही. आता फरकांचे फरक काढा: −२, −२, −२… ते सारखे आहेत. क्षच्या किमती सारख्या अंतरावर असताना दुसरे फरक सारखे आले की समीकरणात क्ष² आहे असं समजायचं. क्ष एकेकाने वाढत असेल तर दुसऱ्या फरकाचा निम्मा आकडा म्हणजे क्ष²चा गुणक. इथे −१. कंस सोडवला तर १०क्ष − क्ष², म्हणजे तसंच आहे.

ही खूण परतीच्या वाटेवर फार उपयोगी पडते. तक्त्यातून क्ष²चा भाग वजा केला की जे उरतं ते सरळ रेषेचं असतं, आणि सरळ रेषेची रीत आपल्याला येतेच. इथे −क्ष² वजा करायचा म्हणजे यमध्ये क्ष² मिळवायचा: ०, १०, २०, ३०… राहिलं १०क्ष. दोन्ही मिळून समीकरण पुरं.

आलेख काढताना पट्टी बाजूला ठेवा. बिंदूंमधून हलक्या हाताने एकसंध वक्र काढा, माथ्यावर टोक येऊ देऊ नका. या वक्राला अन्वस्त म्हणतात. माथा (५, २५) ला आहे. म्हणजे वाफा चौरस केला तर सर्वांत जास्त, २५ चौरस मीटर जागा मिळते. तक्त्यातही तो आकडा आहे, पण डावी-उजवी बाजू आरशासारखी सारखी आहे आणि माथा बरोबर मध्ये आहे, हे चित्रात दिसतं तसं तक्त्यात दिसत नाही.

आणखी एक वक्र, थोडक्यात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे असं देवदर्शन करायला गाडी ठरवली, भाडं २४०० रुपये, माणसं क्ष. प्रत्येकी य = २४०० ÷ क्ष. चार जणांत ६००, सहांत ४००, आठांत ३००, बारांत २००. इथे क्ष × य दर वेळी २४०० येतं, हीच व्यस्त चलनाची खूण. बिंदू आधी झपाट्याने उतरतात, मग सावकाश. चारांचे सहा झाले की माणशी २०० वाचतात, आठांचे बारा होऊनही फक्त १०० वाचतात. क्ष = ० ला किंमत नाही, म्हणून हा आलेख उभ्या अक्षाला कधीच टेकत नाही.

वक्र ओळखायला क्षच्या किमती पुरेशा दूरवर घ्याव्या लागतात. याचं एक सुंदर उदाहरण आपल्याच मातीतल्या माणसाचं आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० च्या दशकात आनुवंशशास्त्रासाठी एक फल मांडलं. दोन जनुकं पुढच्या पिढीत एकमेकांपासून किती प्रमाणात वेगळी होतात यावरून गुणसूत्रावरचं त्यांच्यातलं अंतर त्याने काढता येतं. कोसंबींच्या नावाने ते आजही वापरात आहे. त्याचं समीकरण शाळेच्या पुढचं आहे, पण तक्ता नववीतलं मूलही वाचू शकेल:

| वेगळं होण्याचं प्रमाण | अंतर |
|---|---|
| ०.१ | ०.१०१ |
| ०.२ | ०.२१२ |
| ०.३ | ०.३४७ |
| ०.४ | ०.५४९ |

नुसती पहिली ओळ पाहिली तर वाटेल, य = क्ष, सरळ रेघ. चौथ्या ओळीपर्यंत वक्र चांगलाच वर उचललेला आहे. आलेख-कागदावर य = क्ष ची रेघ आणि हे चार बिंदू एकत्र मांडून पाहा. रेघ सोडून वक्र कुठे वेगळा होऊ लागतो ते बोटाने दाखवता येईल.

करून पाहा

आधी स्वतः सोडवा, मग उत्तर वाचा.

तक्ता आहे (३, २९), (७, ५३), (८, ५९), (१२, ८३). दर २४ ÷ ४ = ६, पुढे ६ ÷ १ आणि २४ ÷ ४, तोच. मागे चालून स्थिर भाग २९ − १८ = ११. समीकरण य = ६क्ष + ११. ताळा शेवटच्या जोडीने: ७२ + ११ = ८३.

एक रेघ (०, ४५०) आणि (६, ०) मधून जाते. चढ −४५० ÷ ६ = −७५, म्हणून य = ४५० − ७५क्ष. य ३०० कधी होतो? क्ष = २ असताना. हे आलेखावर आडवी पट्टी धरूनही वाचा, दोन्ही उत्तरं जुळायला हवीत.

२८ मीटर जाळीचा वाफा: य = क्ष(१४ − क्ष), माथा (७, ४९).

शेवटचं जरा दमाने करा. तक्ता (१, ३), (२, ५), (३, ९), (४, १५). फरक २, ४, ६. दुसरे फरक २, २. म्हणजे क्ष²चा गुणक १. यमधून क्ष² वजा करा: ३ − १ = २, ५ − ४ = १, ९ − ९ = ०, १५ − १६ = −१. हे दर वेळी एकाने उतरतं आणि मागे चाललं तर क्ष = ० ला ३ असतं, म्हणून उरलेला भाग −क्ष + ३. समीकरण य = क्ष² − क्ष + ३. आता क्ष = ५ घालून २३ येतो का पाहा. तक्त्यातल्या फरकांवरूनही पुढचा फरक ८, आणि १५ + ८ = २३.